साउथ आयलंड, दिवसाला तीन तास

परदेशात पहिल्यांदाच गाडी हातात घ्यायची असेल, तर देश निवडताना आधी रस्त्याची बाजू बघावी. न्यूझीलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, पाट्या इंग्रजीत. साउथ आयलंड आकाराने महाराष्ट्राच्या निम्मं, आणि तेवढ्यात माणसं मोजून बारा-तेरा लाख. रस्ते रिकामे. मग लोक दमून का परततात? कारण बेत किलोमीटरमध्ये आखतात. हायवे म्हणजे इथे बहुतेक ठिकाणी एक लेन जायला, एक यायला. वळणं, घाट, एका गाडीपुरते पूल, आणि दर वीस मिनिटांनी उतरून बघावंसं वाटणारं काहीतरी. मॅपवर तीन तास दिसले की प्रत्यक्षात पाच धरायचे. म्हणून नियम एकच ठेवला: मॅपवरचे तीन तास म्हणजे दिवस भरला.

या नियमात मिलफर्ड साउंड, म्हणजे डोंगरांत शिरलेली ती प्रसिद्ध खाडी, बसत नाही. क्वीन्सटाउनहून एका बाजूला जवळजवळ २९० किलोमीटर, तेवढेच परत, वर दोन तासांची बोट. ज्यांना जायचंच आहे त्यांनी ‘ते अनाउ’ या गावी मुक्काम करावा. आपण सरळ गाळलं.

मुक्काम असे: क्राइस्टचर्च एक रात्र, टेकापो दोन, वानाका तीन, फॉक्स ग्लेशियर एक, होकिटिका एक, आणि पुन्हा क्राइस्टचर्च. वानाकाच्या तीन रात्रींमधला एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवलेला.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपलं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असतं, ते चालतं. जुनं मराठी पुस्तकवालं लायसन्स असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढाच. इतरांनीही काढलेला बरा, हजार रुपयांचं काम आहे, वर्षभर चालतो. गाडी घेताना डिपॉझिट बहुधा चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, फॉरेक्स कार्डावर अनेक ठिकाणी नाही म्हणतात. इन्शुरन्समध्ये ‘एक्सेस’ किती ते विचारा, म्हणजे नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. आणि काच-टायर त्यात येतात का, हे वेगळं विचारा. इथले बरेचसे रस्ते डांबरावर खडी दाबून केलेले असतात, पुढच्या गाडीच्या चाकाखालून खडा उडतो आणि काचेवर टिकली उमटते. नुकसान होतं ते बहुतेकदा असंच.

दिवस पहिला: क्राइस्टचर्च

विमानतळावरची खरी परीक्षा इमिग्रेशनची नाही, बायोसिक्युरिटीची. खाण्याची कुठलीही वस्तू फॉर्मवर ‘हो’ म्हणून लिहायची. पाकीटबंद मसाला, चहा, लाडू, सगळं. लिहिलं आणि त्यांना नको असेल, तर ते काढून घेतात, विषय संपला. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध, ताजी फळं, बिया, घरचं तूप यांच्या नादी लागू नये. ट्रेकिंगचे बूट नेत असाल तर टाचांच्या खाचांतली माती ब्रशने घासून न्या. बुटांबद्दलही फॉर्मवर विचारतात आणि तळवे उलटे करून बघतात.

पहिल्या दिवशी गाडी घेऊ नये. घड्याळ तिथल्या उन्हाळ्यात आपल्यापुढे साडेसात तास असतं, डोकं विमानातच असतं. शिवाय एका दिवसाचं भाडं वाचतं. पायी फिरायला गाव छान आहे. २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली आणि शहराचा मध्य कोसळला. रिकामे प्लॉट अजून दिसतात. मोडक्या कॅथेड्रलच्या बदली २०१३ मध्ये उभं राहिलेलं, छताला जाड पुठ्ठ्याच्या नळ्या असलेलं चर्च जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांचं, ते आत जाऊन बघावं. संध्याकाळी बोटॅनिक गार्डन.

एक सवय मात्र पहिल्याच दिवशी लावून घ्या: कॅफे दुपारी तीनला बंद होतात, छोट्या गावात जेवणाचं स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला.

दिवस दुसरा: टेकापो, २२५ किलोमीटर

गाडी ऑटोमॅटिक मिळते. क्लचची सवय असलेल्याचा डावा पाय पहिल्या अर्ध्या तासात आपोआप क्लच शोधतो, ब्रेकची रुंद पट्टी सापडते आणि गाडी जागीच गपकन थांबते. मागचा आपटायची वेळ येते. उपाय साधा: डावा पाय सीटखाली ओढून ठेवायचा आणि पार्किंगमध्ये पाच चकरा मारायच्या. गाडी युरोपियन बनावटीची असेल तर इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, वळताना वायपर फिरतात.

नियमांत आपल्याला जड जाणारे तीनच. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि हे इथे खरोखर पाळतात, त्यामुळे समोरचा तुमच्यासाठी थांबेल असं गृहीत धरून घुसू नका. ‘स्टॉप’ लिहिलंय तिथे रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. आणि थांबलेल्या स्कूलबसजवळून, कुठल्याही दिशेने जाताना, वेग २०. बाकी उघड्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी कमाल १००, गावात ५०. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असे आकडे येतात. तो कायद्याचा वेग नाही, सल्ला आहे. पण रस्ता आखणाऱ्याने तो विचार करून दिलेला आहे, ऐकावा. हॉर्न वाजवला तर लोक वळून बघतात.

कँटरबरीचं मैदान सपाट आहे आणि वायव्येचा वारा सुटला की गाडी बाजूने ढकलली जाते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं. जेराल्डिनला चहा, फेअर्लीला पाय. पाय म्हणजे मुठीएवढी बंद कचोरीच, आत रस्सा. फेअर्लीच्या बेकरीसमोर दुपारी रांग असते, शाकाहारी पाय लवकर संपतात, बाराच्या आत पोचावं.

बर्क्स पास (७०९ मीटर) ओलांडला की हिरवं मागे पडतं आणि गवताळ पिवळं पठार सुरू होतं. मग वळणापलीकडे टेकापो. हा निळा रंग बघून आधी डोळ्यांवरचा चष्मा तपासावासा वाटतो. हिमनदी खडक दळत सरकते, त्याचं पिठूळ चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड विखुरतो, म्हणून असा दुधी निळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून काठावर जांभळे-गुलाबी ल्युपिन फुलतात. फोटोंत त्यांच्यावरच सगळी भिस्त असते, पण इथल्या लोकांच्या दृष्टीने हे तण आहे. नदीच्या दगडगोट्यांच्या पात्रात घरटी करणाऱ्या ‘काकी’ नावाच्या पक्ष्यासारख्या दुर्मीळ पक्ष्यांची जागा ते खाऊन टाकतं. फुलं बघा, बिया आणू नका, आणि गाडी पांढऱ्या रेषेच्या पूर्ण बाहेर उभी करा. ल्युपिन दिसताच रस्त्यातच ब्रेक मारणारे पर्यटक हा या दिवसांतला सर्वांत मोठा धोका.

मोटेलचा एक रिवाज आवडला. किल्ली देताना मालकीणबाई विचारतात, दूध कुठलं देऊ? आणि फ्रिजमधून छोटी बाटली काढून हातात ठेवतात. निळ्या झाकणाचं साय असलेलं, हिरव्या झाकणाचं पातळ. चहाला निळं. खोलीत शेगडी, पातेली, टोस्टर असतं. बुकिंग करताना ‘किचनेट’ शब्द बघून घ्या. मुगाची खिचडी वीस मिनिटांत होते आणि दोघांच्या बाहेरच्या जेवणाचे साठ-सत्तर डॉलर वाचतात.

रात्रीच्या आकाशासाठी टेकापो प्रसिद्ध. २०१२ पासून हा सगळा टापू राखीव काळोखाचा. इथे गफलत होते ती वेळेची: नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य नऊच्या सुमारास मावळतो आणि नीट अंधार पडायला अकरा वाजतात. लहान मुलं असतील तर संध्याकाळी झोपवून उठवा. आणि चंद्र बघून तारखा ठरवा, पौर्णिमेला जाऊन उपयोग नाही. पूर्वेला मृग नक्षत्र उलटं, डोकं खाली करून उगवतं. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिण क्षितिजावर थोडा वेळ दर्शन देणारा अगस्ती इथे कधी मावळतच नाही. भाडोत्री दुर्बिणीची गरज नाही, गावाच्या दिव्यांपासून दोन किलोमीटर दूर जाऊन वीस मिनिटं फोन खिशात ठेवला की पुरे.

दिवस तिसरा: आओराकी माउंट कुक, जाऊन-येऊन २१० किलोमीटर

टाकी टेकापोलाच भरून घ्या. निर्मनुष्य पंपावर आधी कार्ड, मग पिन, मग रक्कम निवडायची. पंप मोठी रक्कम तात्पुरती अडकवतो आणि नंतर खऱ्या आकड्यावर येतो, बँकेचा मेसेज बघून घाबरू नये. गाडी डिझेलची असेल तर पंपावर स्वस्त वाटतं, पण रस्ताकर किलोमीटरमागे वेगळा असतो आणि तो भाड्याच्या बिलात शेवटी उगवतो.

पुकाकी तलावाच्या काठाने जाणारा ५५ किलोमीटरचा फाटा हा अख्ख्या सहलीतला सर्वांत सुंदर रस्ता. समोर शेवटपर्यंत ३,७२४ मीटरचा आओराकी. चालवणाऱ्याचं लक्ष जाणारच, म्हणून पीटर्स लुकआउटला थांबून एकदा डोळे भरून घ्या आणि मग रस्त्याकडे बघा. सर एडमंड हिलरी १९४८च्या जानेवारीत या शिखरावर त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा चढले. एव्हरेस्ट त्यानंतर पाच वर्षांनी. हर्मिटेज हॉटेलसमोर त्यांचा पुतळा शिखराकडे बघत उभा आहे.

हूकर व्हॅलीची वाट सगळे सांगतात: जाऊन-येऊन १० किलोमीटर, तीन तास, जवळजवळ सपाट, झुलते पूल. अलीकडे दुसरा पूल बदलण्यासाठी ही वाट मध्येच बंद केली होती, तेव्हा आधी गावातल्या डीओसी (निसर्ग संवर्धन खात्याच्या) केंद्रात जा. तिथली माणसं फुकट आणि खरं सांगतात. ‘वारा वाढतोय, आज टास्मनला जा’ म्हणाले, तर टास्मनलाच जायचं. टास्मन तलावाची चढण छोटी, तीनशेच्या वर पायऱ्या, पण वरून राखाडी पाण्यात तरंगणारे हिमखंड दिसतात. सनस्क्रीन ५०चं, ढग असले तरी. इथलं ऊन गार वाटतं आणि तासाभरात नाक सोलून काढतं.

दिवस चौथा: लिंडिस पासवरून वानाका, २०० किलोमीटर

ट्वायझलच्या सुपरमार्केटात पुढच्या तीन दिवसांचं सामान भरा. तांदूळ, मसूर, कोथिंबीर, दही सगळं मिळतं. ओमारामाच्या मातीच्या सुळक्यांकडे जाणारा रस्ता कच्चा आहे. भाडेकरारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच वळा. लिंडिस पास ९७१ मीटर, दोन्ही बाजूंना मखमलीसारखे दिसणारे गवताचे डोंगर, झाड औषधालाही नाही. पिवळी सलग रेषा असेपर्यंत ओव्हरटेक नाही. मागे दोन-तीन गाड्या साठल्या तर पहिल्या रुंद जागी बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. जाताना हात वर करून आभार मानतात.

वानाकाच्या तलावातलं एकटं विलोचं झाड बघायला गर्दी असते. २०२० मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या कापल्या, तरी तग धरून आहे. पाच मिनिटं पुरतात.

दिवस पाचवा: क्राउन रेंज आणि ॲरोटाउन

क्वीन्सटाउनला मुक्काम न करण्याचं कारण पार्किंग आणि खोल्यांचे दर. वानाकाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जाताना क्राउन रेंजचा घाट, माथ्यावरच्या पाटीवर १,०७६ मीटर. क्वीन्सटाउनच्या बाजूची उतरण तीव्र आहे. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून वास येतो. गिअर ‘एल’ किंवा ‘एम’मध्ये टाकून इंजिनावर उतरवा, आपल्या घाटात दुसऱ्यावर उतरवतो तसंच.

ॲरोटाउनला १८६२ मध्ये नदीत सोनं सापडलं. गोरे खाणकामगार दुसऱ्या खाणींकडे गेल्यावर उरलेलं चाळायला चिनी मजूर बोलावले गेले. नदीकाठी त्यांच्या झोपड्या आणि किराणा दुकान पुन्हा उभं केलंय. दारं इतकी ठेंगणी की वाकूनच आत जावं लागतं, आत एक खाट आणि चूल एवढीच जागा. मुख्य रस्त्यावरच्या फजच्या दुकानांपेक्षा इथे वेळ द्यावा.

परतीला कावाराउ पूल (पहिली व्यावसायिक बंजी, १९८८, ४३ मीटर, बघायला पैसे नाहीत) आणि क्रॉमवेल. क्रॉमवेलच्या फळांच्या दुकानात ‘रिअल फ्रूट आइस्क्रीम’ घ्या. गोठलेल्या बेरी आणि व्हॅनिला तुमच्यासमोर यंत्रात घालून पिळतात. चेरी मात्र डिसेंबरच्या शेवटाशिवाय नाही.

दिवस सहावा: रिकामा

पुढे पश्चिम किनारा आहे, आणि तो बेभरवशाचा. पावसाचा इशारा असेल तर तिकडचा रस्ता दरडींनी बंद होऊ शकतो, तेव्हा हा दिवस वानाकातच वापरायचा किंवा पुढे ढकलायचा. परिवहन खात्याच्या ‘जर्नी प्लॅनर’वर बंद रस्ते दिसतात, रात्री आणि सकाळी बघा. हवा छान होती, तर कपडे धुतले, तलावाकाठी बसलो. हेही सहलीतच येतं.

दिवस सातवा: हास्ट पास ओलांडून फॉक्स, २६० किलोमीटर

नियम मोडणारा एकमेव दिवस, मॅपवर पावणेचार तास. आठला निघा. माकारोरानंतर फोनला बहुतेक रेंज नाही, मॅप आधी उतरवून घ्या, टाकी वानाकाला भरा आणि हास्टला पुन्हा.

५६२ मीटरची खिंड ओलांडताना देश बदलतो. टेकापोला वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस, पलीकडे होकिटिकाला २,९०० च्या आसपास. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यातलं नातं, आणि दिशाही तीच: पश्चिमेचा वारा डोंगराला अडतो आणि तिथेच रिता होतो. दगडांवर शेवाळ, झाडांवर नेचे, प्रत्येक वळणाला ओढा. थंडर क्रीक धबधबा रस्त्यापासून पाच मिनिटांवर.

आता एकेरी पुलांचं. पुलाआधी गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर तुम्ही थांबायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल, तर तुमचा हक्क, तरीही समोर बघूनच चढायचं. हास्ट नदीवरचा पूल ७३२ मीटर लांब आणि एकाच गाडीपुरता; मधे दोन ठिकाणी रुंदावलेला, तिथे समोरच्याला वाट देता येते. अशा पुलावर हक्कावरून वाद घालणारा इथे कुणी नाही, समोरचा शेतकरी ट्रकमधून बोट वर करतो आणि जातो.

किनाऱ्यावर उतरलात की सँडफ्लाय येतात. चिलटाएवढी काळी माशी, चावते तेव्हा कळत नाही, खाज दोन दिवसांनीही जात नाही. हलत राहिलं तर बसत नाहीत, फोटोसाठी थांबलं की घोटे धरतात. मोजे घाला, औषध घोट्यांना आणि मनगटांना लावा, गाडीचं दार पटकन बंद करा.

दिवस आठवा: मॅथेसन, मग होकिटिका

लेक मॅथेसनच्या काळ्या पाण्यात आओराकी आणि माउंट टास्मन या शिखरांचं प्रतिबिंब पडतं. पाणी काळं का? जंगलातला पालापाचोळा चहासारखा उतरतो म्हणून. वारा साधारण नऊनंतर सुटतो आणि आरसा फुटतो, म्हणून सातच्या आत. ४.४ किलोमीटरची सपाट फेरी आहे. हिमनद्या मात्र आता लांबूनच बघायच्या. फॉक्स आणि शेजारची फ्रांझ जोसेफ, दोन्ही खूप मागे सरकल्यात, बर्फावर चालायचं तर हेलिकॉप्टर. फॉक्सच्या दरीत जाणारा रस्ता २०१९च्या दरडींनी गेला, दक्षिणेच्या काठावरून पायवाट आहे.

होकिटिकाला पोउनामू, म्हणजे इथला हिरवा दगड. तो नाय ताहू या माओरी समाजाच्या मालकीचा आहे. स्वस्त हिरवी लॉकेटं बहुधा बाहेरून येतात, दगड कुठला ते दुकानात विचारावं. खरा विकणारा खुशीने सांगतो. फिश-अँड-चिप्सच्या दुकानात शाकाहाऱ्यांनी तेल विचारा, काही ठिकाणी चिप्स गुरांच्या चरबीत तळतात. अंधार पडल्यावर गावाच्या टोकाला, हायवेलगतच, काजव्यांसारख्या चमकणाऱ्या अळ्यांची घळ आहे. तिकीट नाही. टॉर्च बंद ठेवा.

दिवस नववा: आर्थर्स पास, २५० किलोमीटर

होकिटिकाला टाकी भरून घ्या. ओटिराच्या घळीत १९९९ सालचा ४४० मीटरचा उंच पूल दरडींच्या वरून रस्ता उचलून नेतो. त्याच्या वरच्या लुकआउटवर किया पोपट येतात. हिरवट, घारीएवढे, आणि महाबिलंदर. एक बॉनेटवर बसून लक्ष वेधून घेतो, तोवर दुसरा मागच्या वायपरचं रबर उपटतो. खायला घालू नये, दंडापेक्षाही त्यांच्या जिवाला वाईट. खिडक्या बंद, पाच मिनिटं, निघा.

डेव्हिल्स पंचबोल धबधबा १३१ मीटर, तासाभराची पायऱ्यांची वाट. कासल हिलच्या चुनखडीच्या शिळांमध्ये मुलं दोन तास लपाछपी खेळतात. शेवटचा पोर्टर्स पास ९३९ मीटर, म्हणजे आर्थर्स पासपेक्षा उंच; इथून उतरताना पुन्हा लो गिअर.

गाडी परत करताना टाकी भरल्याची पावती, मीटरचा आकडा आणि चारही बाजूंचे फोटो तारखेसकट ठेवा. डिपॉझिट सुटायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. उरलेला तांदूळ, मीठ, तेलाची बाटली कचऱ्यात टाकू नका. हॉलिडे पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात ‘फ्री’ लिहिलेलं फडताळ असतं, तिथे ठेवायचं. आणि हे पहिल्या दिवशीही बघायचं, मीठ-साखर विकत घेण्याआधी.